मॉस्को, पेकिंग आणि तलासरी

आगरच्या आमच्या घरात माळ्यावर एक लाकडी पेटारा आहे. तो माझ्या मामांचा. मामा मुंबईला कोटातल्या एका कचेरीत कारकून होते. लग्न त्यांनी केले नाही. विडी ओढली नाही. परदेशी वर्तमानपत्रे वाचणे एवढे एकच व्यसन त्यांना होते. कचेरीत विमानटपालाने येणारी पातळ कागदाची पत्रे साहेबांची वाचून झाली की ती मामांकडे येत, आणि उरलेली भूक ते रद्दीच्या दुकानांतून भागवीत. 'मँचेस्टर गार्डियन वीकली', लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'ची पाने, 'पेकिंग रिव्ह्यू', 'सोव्हिएत लँड', असे सारे एकमेकांच्या उरावर बसलेले. रशिया आणि चीन या दोन कम्युनिस्ट सत्तांच्या बेबनावाविषयी जे जे छापून आले, ते ते त्यांनी कातरून वर्षवार सुतळीने बांधून ठेवले. पहिला गठ्ठा १९५९ चा, शेवटचा १९६७ चा. यंदाच्या पावसाळ्यात वाडीची कामे थंडावली तेव्हा मी ते सारे गठ्ठे क्रमाने वाचून काढले.

वाचताना मी इतिहास शोधत नव्हतो. इतिहास त्यानंतरच्या साठ वर्षांत पुष्कळ लिहून झाला आहे. मला कुतूहल होते ते त्या लेखनाचे. ज्या घरात बाहेरच्याला पाऊल टाकू देत नाहीत, त्या घरातल्या भांडणाची बातमी हे लोक लिहीत कशी होते? आणि त्या बातमीत आमच्या डहाणू-तलासरीच्या माणसांना जागा कोणती मिळाली?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना कौतुकानेच आरंभ करावा लागतो. मॉस्को आणि पेकिंग यांचे भांडण प्रथम उघड नव्हतेच. १९६० च्या एप्रिलात लेनिनच्या नव्वदाव्या जयंतीनिमित्त पेकिंगच्या 'हुंगची' या नियतकालिकात 'लेनिनवाद चिरायू होवो' असा एक लांबलचक लेख आला. त्यात शिव्या होत्या त्या युगोस्लाव्हियाला. मॉस्कोची पत्रे उत्तरादाखल 'हटवादी' आणि 'पोथीनिष्ठ' लोकांवर तुटून पडत, पण ते लोक कोण ते सांगत नसत. पुढे त्यांना अल्बानिया सापडला. १९६१ च्या ऑक्टोबरात मॉस्कोच्या बाविसाव्या पक्षकाँग्रेसमध्ये ख्रुश्चेव्हने अल्बानियाची उघड हजेरी घेतली; चौ एन लाय यांनी तेथेच नापसंती दाखविली, स्टालिनच्या समाधीवर पुष्पचक्र वाहिले आणि काँग्रेस संपण्यापूर्वीच ते घरी निघून गेले. एवढ्याशा अल्बानियासाठी एवढा मोठा माणूस उठून जातो, याचा अर्थ काय?

आपल्याकडे याला एक नेमकी म्हण आहे: लेकी बोले सुने लागे. सासू लेकीवर तोंड टाकते तेव्हा ते कोणासाठी आहे, हे घरातल्या कोणत्याही सुनेला सांगावे लागत नाही. परदेशी पत्रकारांना मात्र ही विद्या कष्टाने शिकावी लागली, आणि त्यांतल्या काहींनी ती उत्तम शिकून घेतली. युगोस्लाव्हिया म्हणजे रशिया, अल्बानिया म्हणजे चीन, हा संकेत एकदा उलगडला की कंटाळवाणे अग्रलेख बोलू लागतात. 'गार्डियन'चा व्हिक्टर झोर्झा विशेषणांवरून, गाळलेल्या नावांवरून, अभिनंदनाच्या तारेतल्या एखाद्या शब्दावरून निष्कर्ष काढी. एडवर्ड क्रँकशॉ याने १९६१ च्या फेब्रुवारीत 'ऑब्झर्व्हर'मध्ये बुखारेस्ट आणि मॉस्को येथील बंद दाराआडच्या बैठकांचा वृत्तान्त दिला, आणि जी गोष्ट तोवर तर्काची होती ती बातमी झाली. डोनाल्ड झागोरिया या अमेरिकन अभ्यासकाचा ग्रंथ १९६२ मध्ये निघाला. तो तर आपल्याकडचा एखादा महानुभावीय पोथीचा संशोधक पाठभेद लावतो त्या चिकाटीने लिहिलेला आहे.

या वाचनाला विरोध करणारेही होते, हे विसरू नये. १९६१ च्या अखेरीस रशियातून पळून आलेला गोलित्सिन नावाचा हेर सांगे की हे भांडण म्हणजे पश्चिमेला फसविण्याचे नाटक आहे, आणि अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यात अँगलटनसारख्या बड्या अधिकाऱ्याला ते पटले होते. १९६० च्या उन्हाळ्यात रशियाने चीनमधून आपले तंत्रज्ञ परत बोलाविले होते. चिनी आकडा १,३९० माणसांचा आहे. एवढी माणसे अर्धवट कारखाने टाकून निघून गेल्यावरही ज्यांना ते नाटक वाटले, त्यांच्यापुढे नुसती वर्तमानपत्रे वाचणारा झोर्झा किती शहाणा ठरतो! गुप्त कागदांपेक्षा छापील कागद नीट वाचणे अधिक फलदायी असते, हे या लोकांनी दाखवून दिले. मामांना त्यांचे वेड लागले ते उगीच नाही.

परंतु या विद्येतच तिचा दोष दडलेला आहे. लेकी बोले सुने लागे हे सूत्र हाती आले की वाचणाऱ्याला घरात दोनच माणसे दिसू लागतात, एक बोलणारी आणि एक जिला लागते ती. बाकीचे सारे निमित्तमात्र. अल्बानियाच्या बाबतीत हे काही अंशी खपून गेले; तरी अल्बानियाच्या माणसांचे स्वतःचे काही म्हणणे असेल, ही शंका त्या लेखांत क्वचितच डोकावते. पण हेच सूत्र घेऊन ही मंडळी हिंदुस्थानाकडे वळली, तेव्हा घोटाळा झाला.

वास्तविक हिंदुस्थान या भांडणात अल्बानियाच्याही आधीचा. १९५९ च्या ऑगस्टात लोंगजू येथे सरहद्दीवर चकमक झाली. ९ सप्टेंबरला 'तास' या रशियन वृत्तसंस्थेने एक निवेदन काढले आणि दोघांविषयीही सारखाच खेद दर्शविला. मित्राची बाजू न घेता तटस्थ राहणे हा चीनला अपमान वाटला, आणि आमचे मतभेद रशियाने जगापुढे उघडे केले ते येथून, असे चीनने पुढे १९६३ मध्ये लेखी सांगितले. म्हणजे या फाटाफुटीची पहिली जाहीर खूण आपल्याच सरहद्दीवरून उमटलेली. तरी परदेशी पत्रांत भारतीय कम्युनिस्ट येतात ते दोन गटांत विभागलेले आणि दोन चिठ्ठ्या चिकटविलेले: 'प्रो-मॉस्को' आणि 'प्रो-पेकिंग'.

या चिठ्ठ्या कितपत खऱ्या होत्या, याची परीक्षा मामांच्याच गठ्ठ्यांतून होते. १९६२ चा गठ्ठा घ्या. चीनचे आक्रमण २० ऑक्टोबरला सुरू झाले. २५ ऑक्टोबरला मॉस्कोच्या 'प्रावदा'ने अग्रलेख लिहून चीनच्या तहाच्या प्रस्तावाची भलावण केली आणि मॅकमोहन रेषेला नावे ठेविली. क्यूबाच्या संकटाचे ते दिवस. रशियाला चीनची गरज होती. क्यूबाचे संकट टळले आणि ५ नोव्हेंबरला 'प्रावदा'चा सूर पुन्हा तटस्थ झाला. आता मधली तारीख पाहा. भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने डांगे यांच्या नेतृत्वाखाली चीनच्या आक्रमणाचा निषेध करून देशाच्या संरक्षणाची हाक दिली ती १ नोव्हेंबरला. ज्या बहुमताला परदेशी पत्रे 'मॉस्कोची बाजू' म्हणत, त्या बहुमताने मॉस्को चीनकडे झुकलेले असताना चीनचा निषेध केला! डांगे मॉस्कोच्या तोंडाकडे पाहून चालणारे असते तर त्यांनी चार दिवस थांबावयास हवे होते. ठराव का झाला याची कारणे दिल्लीत, मुंबईच्या गिरणगावात आणि केरळातल्या मतदारसंघांत शोधावी लागतील. परंतु ती शोधण्यासाठी 'प्रावदा' वाचता येणे पुरेसे नव्हते, आणि वार्ताहरांना 'प्रावदा'च तेवढा वाचता येत होता.

दुसऱ्या चिठ्ठीची गोष्ट याहून बोलकी आहे. ११ एप्रिल १९६४ रोजी राष्ट्रीय परिषदेतून बत्तीस सभासद उठून गेले. जुलैत तेनाली येथे त्यांचे अधिवेशन झाले. आणि ३१ ऑक्टोबरपासून कलकत्त्यास भरलेल्या काँग्रेसमध्ये मार्क्सवादी पक्ष वेगळा झाला. डांगे यांच्या पक्षाची काँग्रेस त्यानंतर डिसेंबरात मुंबईला झाली. वेगळे झालेले ते पेकिंगचे, असे जगभर छापून गेले. वाद मुख्यतः काँग्रेस पक्षाशी आणि देशी भांडवलदारवर्गाशी कसे वागावे याचा होता. तो तेलंगणाच्या लढ्यापासून, म्हणजे मॉस्को-पेकिंग बेबनावाच्या कितीतरी आधीपासून, पक्षात धुमसत होता. हे सांगावयास दोन परिच्छेद लागतात. 'प्रो-पेकिंग' म्हणावयास एक शब्द पुरतो. मग १९६७ उजाडले. मार्क्सवादी पक्ष बंगालच्या संयुक्त आघाडीच्या सरकारात सामील झाला, नक्षलबारीचा उठाव झाला, आणि ५ जुलै रोजी पेकिंगच्या 'पीपल्स डेली'ने 'हिंदुस्थानात वसंताचा गडगडाट' असा अग्रलेख लिहून उठाव करणाऱ्यांची पाठ थोपटली. बंगालचे सरकार आणि त्यातले हे 'पेकिंगवादी' पेकिंगलाच प्रतिगामी आणि सुधारणावादी वाटू लागले. ऑगस्टात मदुरा येथे मार्क्सवादी पक्षाच्या मध्यवर्ती समितीने चिनी पक्षाशी आपले मतभेद ठरावाने नोंदविले. चिठ्ठी लावल्यापासून तीन वर्षांच्या आत चिठ्ठीवर ज्याचे नाव होते त्यानेच ती फाडली.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. चिठ्ठ्या अगदीच हवेतून आलेल्या नव्हत्या. १९६२ मध्ये चीनला आक्रमक म्हणण्यास कचरणारे लोक पुढे मार्क्सवादी पक्षातच गेले. ९ मार्च १९६३ रोजी 'पीपल्स डेली'ने डांगे यांच्यावर 'सुधारणावाद्यांचा आरसा' म्हणून जो अग्रलेख सोडला, त्याचा उपयोग त्यांच्या पक्षांतर्गत विरोधकांना झालाच. आणि मॉस्कोने पुढे मान्यता दिली ती डांगे यांच्या पक्षाला. नुसते वार्ताहरच नव्हे, दोन्ही राजधान्यांची अधिकृत पत्रेही हिंदुस्थानकडे त्याच दुर्बिणीतून पाहत होती. माझी तक्रार एवढीच, की 'गार्डियन' आणि 'पीपल्स डेली' यांचे इतर कशावरही एकमत नसताना, हिंदुस्थानातल्या कम्युनिस्टाला स्वतःचे डोके नाही या एका गोष्टीवर मात्र त्यांचे पूर्ण एकमत होते.

आता मराठीविषयी. आपल्या वर्तमानपत्रांनी ही चिठ्ठी उचलली आणि तिचे भाषांतर केले. इंग्रजीत 'प्रो' हा तीन अक्षरांचा उपसर्ग. त्याला ना रंग ना वास. मराठीत त्याचा 'वादी' झाला तेव्हाच तो थोडा जड झाला, आणि 'धार्जिणा' झाला तेव्हा त्याचा अर्थच बदलला. 'धार्जिणा' म्हणजे दुसऱ्याच्या पदरी राहून त्याचे हित पाहणारा. १९६२ च्या हिवाळ्यानंतर ज्या गावांत सोन्याच्या अंगठ्या संरक्षण निधीला दिल्या गेल्या होत्या, तेथे 'चीनधार्जिणा' हे वर्णन राहिले नाही, तो आरोप झाला. लंडनच्या वाचकाला सोयीची म्हणून केलेली वर्गवारी ठाणे जिल्ह्यात पोहोचेपर्यंत फिर्याद झाली होती. भाषांतराची चूक म्हणून हिची नोंद कोणत्याही कोशात सापडणार नाही.

१९६४ च्या २९-३० डिसेंबरला भारत संरक्षण नियमांखाली मार्क्सवादी पक्षाच्या शेकडो लोकांची देशभर धरपकड झाली. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होतो. आमच्या चिकूच्या वाडीवर एक वारली गडी होता, वडिलांच्या वयाचा, मूळचा तलासरीकडचा. त्याला आम्ही पोरेसोरेही अरेतुरे करीत असू, आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे. त्याला वाचता येत नव्हते. धरपकडीची कुणकुण त्याला लागली होती, म्हणून एका संध्याकाळी पाणी लावून झाल्यावर तो पडवीत आला आणि म्हणाला, "भाऊ, लाल बावट्याची बातमी आलीये म्हणतात. वाचून दाखव." मामा त्या आठवड्यात घरी होते. त्यांच्याकडच्या एका विलायती पत्रातला मजकूर मी मोठ्या रुबाबात मराठी करून वाचला. ख्रुश्चेव्ह गेला, ब्रेझनेव्ह आला, पेकिंगने अमुक म्हटले, हिंदुस्थानातल्या पेकिंगवाद्यांची पंचाईत झाली. त्याने सारे मुकाट्याने ऐकले. मग विचारले, "गोदूताईंचं नाव कुठं आहे?" मी म्हटले, नाही. "शामरावांचं?" तेही नव्हते. "तलासरीचं?" मी मान हलविली. "मग ही दुसऱ्या कुणाची तरी बातमी हाय," असे म्हणून तो उठून गेला.

मला त्याच्या अडाणीपणाचे हसू आले. ते का येऊ नये हे समजावयास काही वर्षे जावी लागली.

त्याच्या लेखी लाल बावटा म्हणजे काय होते? १९४५ च्या मे महिन्यात झरीला वारल्यांची सभा झाली तेव्हा तो तरुण असणार. उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत तेव्हा वेठ होती, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराकडे राबणारे लग्नगडी होते. ती वेठ गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेने मोडली. पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये, ही मागणी त्याच वर्षीची; त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यास जमावावर गोळीबार झाला आणि माणसे मेली, जेठ्या गांगड त्यांतला. १९५५ मध्ये अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशन आमच्या डहाणूत भरले. १९५७ मध्ये शामराव ठाण्यातून लोकसभेवर गेले. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी इकडे राहिली. बावटा दोन्हीकडे होता. १९६४ च्या फाटाफुटीत परुळेकर पती-पत्नी मार्क्सवादी पक्षात गेली आणि तलासरी त्यांच्याबरोबर गेली. बुखारेस्टमध्ये कोण कोणास काय म्हणाले याचा त्या निर्णयाशी फारसा संबंध नव्हता. ज्यांच्याबरोबर वीस वर्षे चालले, त्यांच्याबरोबर लोक पुढे चालले. हे कारण तत्त्वाचे नाही असे कोणी म्हणेल. मला ते क्रँकशॉने दिलेल्या बहुतेक कारणांपेक्षा कमी वजनाचे वाटत नाही.

आणि आता माझी गोष्ट. १९६६ मध्ये मुंबईला शिकत असताना कॉलेजच्या वार्षिकात मी एक लेख लिहिला. 'जागतिक साम्यवादातील यादवी' असे त्याचे भारदस्त नाव होते. झोर्झा, क्रँकशॉ आणि आयझॅक डॉइशर यांच्या आधाराने तो सजविलेला होता, आणि स्थानिक रंग यावा म्हणून त्यात 'ठाणे जिल्ह्यातील पेकिंगवादी किसान सभा' असे एक वाक्यखंड घातले होते. ज्या माणसाने मला पडवीत प्रश्न विचारला, त्याच्याविषयी मी एका विलायती पत्राच्या शब्दांत लिहिले. त्याला विचारणे मला सुचले नाही. तो तेव्हाही आमच्याच वाडीवर होता. लेखाला बक्षीस मिळाले. पुढच्याच वर्षी पेकिंगने त्या वाक्यखंडाचा निकाल लावला, तरी मी कोठे दुरुस्ती केली नाही. तो अंक मामांनी पेटाऱ्यात कौतुकाने ठेवला आहे. परदेशी वार्ताहरांना मी दोष देतो खरा, पण त्यांना निदान तलासरी माहीत नव्हती.

गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्याचा विषय वारल्यांचा उठाव. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा पडवीतला प्रश्न कोठून आला होता हे मला कळले. वार्ताहराची आणि लेखिकेची तुलना करणे अन्यायाचे आहे; एकाला उद्याच्या अंकासाठी लिहावयाचे असते, दुसरीने पंचवीस वर्षे थांबून लिहिले. तरीही जग समजून घेण्यासाठी मामांनी नऊ वर्षांचे गठ्ठे बांधले, आणि आपल्या गावापासून तासा-दीड तासावर काय चालले आहे ते समजण्यासाठी त्यांच्या भाच्याला हे पुस्तक निघेपर्यंत थांबावे लागले, हे कबूल केले पाहिजे.

आज डहाणूत पेकिंगही नाही आणि मॉस्कोही नाही. पेकिंगचे बीजिंग झाले, सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला, आणि ज्या बेबनावावर एवढी शाई खर्ची पडली त्याचे १९८९ मध्येच गोर्बाचेव्हच्या पेकिंगभेटीने सूप वाजले. तलासरीत परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय आहे. डहाणूने १९७७ मध्ये लहानू कोम यांना लोकसभेवर पाठविले. २०१९ आणि २०२४ मध्ये विनोद निकोले त्याच बावट्यावर विधानसभेत गेले. ज्यांची बातमी परदेशी पत्रांनी दोन राजधान्यांची छाया म्हणून दिली, त्यांच्यापैकी एक राजधानी बदलून गेली, दुसरी उरली नाही, आणि छाया मात्र मतदान करते आहे. हा बावटा आज कसा चालवला जातो, यावर माझे काही आक्षेप आहेत; ते येथे नकोत.

झोर्झाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. क्रेमलिनच्या विशेषणांचा अर्थ लावण्यात ज्याने उमेद घालविली, तो उतारवयात, १९८० नंतरच्या दशकात, हिमालयाच्या कुशीतल्या एका खेड्यात येऊन राहिला आणि तेथल्या सामान्य माणसांविषयी इंग्लंड-अमेरिकेच्या पत्रांत लिहू लागला. तेथे 'प्रावदा' येत नसावा. मामा तेव्हा हयात नव्हते. ती कात्रणे पेटाऱ्यात नाहीत.

पेटाऱ्यात आणखी एक गोष्ट नाही. ३ ऑगस्ट १९६५ रोजी शामराव परुळेकर स्थानबद्धतेत वारले. खटला नाही, शिक्षा नाही. भारत संरक्षण नियमांखाली ठेवलेले. ज्या चिठ्ठीखाली त्यांना ठेवले होते ती फाटावयास अजून दोन वर्षे होती. त्या महिन्याचा गठ्ठा मी तीनदा सोडला. मामांनी त्यात बारीक अक्षरांत तारखा घालून चौदा कात्रणे लावली आहेत. पहिली दोन व्हिएतनामची आहेत, बाकीची बारा काश्मीरची.